थंडीत सात नंबरचं अंतर नेमकं कुठे जातं?

रफमुक्काम :

मंडळी, गोल्फवाले इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत हे ठाऊक आहे. पण जे आहेत ते भांडायला कायम तयार असतात, म्हणून इथेच विचारते.

माझा हँडिकॅप २२, म्हणजे खेळ बेताचाच. खेळ बहुतेक उन्हातला. ऊन तापलेलं असताना माझा सात नंबर आयर्न (मधल्या अंतराचा क्लब; नंबर जितका लहान तितकं अंतर जास्त) ११५ यार्ड कॅरी देतो, म्हणजे चेंडू हवेतून तेवढा जातो, बरा लागला तर. गेल्या थंडीपासून सकाळच्या पहिल्या बॅचला खेळायला लागले आणि तोच सात नंबर १००-१०२ वर बसकण मारतो. पारा तेव्हा ६-७ अंशांवर असतो. शॉट मधोमध लागलेला असतो, आवाज चांगला, उंची चांगली, मी मनातल्या मनात बर्डीच्या (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) पटची, म्हणजे भोकात ढकलायच्या हलक्या फटक्याची लाइन वाचायला लागते आणि चेंडू ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या अलीकडे धप्प.

आमच्या फोरबॉलमध्ये यावर चार मतं आहेत, कारण आम्ही चौघं आहोत. एक म्हणतो थंड हवा जड असते. दुसरा म्हणतो छे, जड असते ती दमट हवा, थंडीचा काय संबंध. तिसरी मला चेंडू गरम पाण्यात बुडवून आणायला सांगते. चौथी मी. माझं मत असं की जोरात मारावं. त्यातून काय निष्पन्न होतं ते माझ्या आयडीवरून कळलंच असेल (रफ म्हणजे कडेचं लांब गवत).

आता खरा प्रश्न. लवकरच एक मॅच आहे, मॅच प्ले (एकेक होल जिंकायचा प्रकार), सकाळची पहिली टी-टाइम. चौथं होल पार ३ (तीन फटक्यांत संपवायचं), समोर पाणी, आणि पाणी पार करायला १०५ यार्ड कॅरी लागते. उन्हाळ्यात तिथे मी फार विचार न करता सात नंबर काढते. आता काय काढू? नुसतं ‘एक क्लब जास्त घे’ असं नको, का ते सांगा. कारण कळलेलं असलं की टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) माझं मन डळमळत नाही.

जाता जाता आणखी एक. उन्हात बरोबर उलटा प्रकार होतो. अंतर मिळतं, पण पंधराव्या होलनंतर कार्ड बघवत नाही. नवरा म्हणतो स्टॅमिना कमी पडतो. मला ते पटत नाही, कारण पाय अजिबात दुखत नसतात.

बंकरबहाद्दर :

एक क्लब जास्त घ्या. पाण्यावर दोन. का ते मलाही माहीत नाही, पण चेंडू कोरडा राहतो.

घनतावादी :

ताई, तुमच्या फोरबॉलमधल्या पहिल्याचं बरोबर, दुसऱ्याचं साफ उलटं, आणि तिसरीचा समाचार घ्यायला नियमवाचक येतीलच, ते काम त्यांच्यावर सोडतो.

हवा तापली की पसरते, गार झाली की दाटते. समुद्रसपाटीला ३५ अंशांवर एक घनमीटर हवा साधारण १.१५ किलो भरते, ७ अंशांवर १.२६ किलो. म्हणजे सकाळच्या चेंडूला दुपारच्या चेंडूपेक्षा सुमारे दहा टक्के दाट हवेतून वाट काढायची असते. त्यामुळे ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा वाढतो हे सगळेच सांगतात. कमी लोक सांगतात ते हे, की लिफ्टही वाढते. बॅकस्पिन (उलटी फिरकी) असलेला चेंडू हवेवर उचलला जातो आणि हवा जितकी दाट तितका जास्त उचलला जातो. म्हणून थंडीतला शॉट उंच आणि देखणा दिसतो, पुढे मात्र सरकत नाही आणि खाली येताना उभा पडतो. तुम्ही बर्डीच्या गोष्टी करायला लागता त्या या देखणेपणाला भुलून. याच कारणाने स्लाइस आणि हुकही थंडीत जास्त वळतात. वारा ताशी तेवढ्याच वेगाचा असला तरी ढकलतो जास्त, हे पाण्यावर खेळताना लक्षात ठेवा.

दमट हवेचं : पाण्याच्या रेणूचा भार १८, कोरड्या हवेचा सरासरी २९. वाफ हवेत शिरते तेव्हा ती जड रेणूंची जागा घेते. म्हणजे दमट हवा हलकीच. पण चेंडूच्या अंतरात हा फरक इतका किरकोळ आहे, की त्यावर वाद घालण्यापेक्षा पटिंगचा सराव करावा. दमट दिवशी जड वाटतं ते आपलं अंग, कारण घाम वाळत नाही.

आता मुद्द्याचं. सगळं बिल हवेच्या नावावर फाडू नका. मी स्वतः ढोबळ हिशोब असा धरतो : दर १० अंशांना ड्रायव्हरचे (सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबचे) तीनेक यार्ड, मधल्या आयर्नचे दीडेक. तुमचा फरक २८ अंशांचा. म्हणजे सात नंबरचे चार यार्ड हवेने खाल्ले. तुमचे गेलेत तेरा ते पंधरा!

पुढचे दोन-तीन चेंडूचे. चेंडूचा गाभा पॉलिब्युटाडाइन रबराचा असतो. गार रबर दाबलं गेल्यावर उसळून परत येताना जास्त ऊर्जा वाया घालवतं, चेंडू क्लबवरून निघतो तोच कमी वेगाने. आणि रबर उष्णता सावकाश घेतं, सावकाश सोडतं. त्यामुळे बॅग रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली असेल तर ते चेंडू पहिल्या नऊ होलांत शुद्धीवर येत नाहीत. दोन होलांपुरता खिशात ठेवून आतला गाभा उबदार होत नाही. बॅग रात्री घरात ठेवा, एवढंच.

उरलेले सात-आठ यार्ड म्हणजे तुम्ही. जाकीट, त्याखाली स्वेटर, आखडलेली पाठ, अर्धवट टर्न. क्लबहेडचा वेग ताशी एक मैलाने घटला की ड्रायव्हरचे साधारण अडीच यार्ड जातात, आयर्नचे त्याहून थोडे कमी. तीन-चार मैल घटायला एक जाड जाकीट पुरेसं आहे. आणि म्हणूनच ‘जोरात मारणं’ हा इलाज नाही. आखडलेलं अंग जोरात फिरवलं की मधोमध लागत नाही, आणि थंडीत कडेला लागलेला शॉट उन्हाळ्यातल्यापेक्षा कितीतरी आखूड पडतो.

हवेचा खरा खेळ बघायचा तर तापमानात नाही, उंचीत बघा. २०१७ ते २०२० मोठी स्पर्धा व्हायची ते मेक्सिको सिटीजवळचं चापुल्तेपेक सव्वादोन हजार मीटरपेक्षा उंचावर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट. भल्याभल्या व्यावसायिक खेळाडूंना तिथे अंतरांचा सगळा तक्ता नव्याने मांडावा लागायचा. तुमचा दहा टक्क्यांचा प्रश्न त्या मानाने पोरखेळ आहे.

पार ३ वर सहा नंबर पुरेल, पण फक्त मधोमध लागला तर. मी पाच नंबर हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) काढीन आणि सावकाश फिरवीन.

नियमवाचक :

बोलावलंत, आलो.

चेंडू गरम पाण्यात : नियम ४.२ए. गुणधर्म बदलावेत म्हणून मुद्दाम तापवलेला, घासलेला किंवा काही फासलेला चेंडू खेळला तर शिक्षा एक-दोन स्ट्रोकची नाही, थेट बाद. मैत्रिणीला प्रेमाने सांगा. हात गरम ठेवायचे पाउच खिशात चालतात, हातांसाठी. त्या पाउचशेजारी चेंडू ठेवायचा मोह नको. एक होल संपून दुसरं सुरू होण्याआधी चेंडू बदलता येतो, त्याला आडकाठी नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो : कोर्सवर थर्मामीटर नेऊन तापमान किंवा आर्द्रता मोजायला परवानगी आहे. वाऱ्याचा वेग मात्र मोजता येत नाही, रिबीन किंवा पावडर उडवून दिशा बघणंही बंद. गवताची काडी उडवा, ती कृत्रिम वस्तू नाही.

थंडीत फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) चेंडू उचलून, पुसून पुन्हा ठेवणं हा तुमचा हक्क नव्हे. कमिटीने तसा स्थानिक नियम लावला असेल तरच, आणि तो किती अंतरात ठेवायचा तेही कमिटीच ठरवते. ‘थंडी आहे म्हणून चालतं’ असं प्रतिस्पर्धी म्हणाला तरी आधी सूचनाफलक वाचा.

हँडिकॅपची काळजी असेल तर : २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत त्या दिवशीच्या परिस्थितीची दुरुस्ती धरली जाते, उणे १ ते अधिक ३. दिवस सगळ्यांनाच वाईट गेला असेल तर कार्डाला थोडी दया मिळते.

ऊबदारहात :

घनतावादींचं गणित वाचून छान वाटलं, पण मला ते पटूनही पटलं नाही. थंडीतली मॅच सात नंबरवर हरत नाही हो. ग्रीनच्या भोवती हरते.

बोटं बधिर असली की ग्रिपवर किती दाब आहे ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणून आपण आणखी घट्ट धरतो. पूर्ण स्विंगला हे एकवेळ खपतं. वीस यार्डांच्या चिपला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याला) नाही. त्यात कोर्सवर बर्म्युडा गवत असेल तर जमिनीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं की ते झोपतं, तपकिरी पडतं, आणि चेंडू जवळपास उघड्या मातीवर बसतो. अशा जागेवरून वेज (चेंडू उंच उडवणारा क्लब) जरा मागे टेकली की चेंडू जागचा हलत नाही, जरा वर लागली की ग्रीनच्या पलीकडे. मी अशा वेळी वेज बॅगेतच ठेवते. आठ नंबर, पटरसारखा हात, चेंडू जमिनीलगत पळवायचा. दिसायला दरिद्री शॉट आहे, मान्य. होल जिंकून देतो.

दव असलेल्या ग्रीनवर पहिले चार-पाच पट हमखास आखूड राहतात. चेंडूने दवात काढलेली रेघ मात्र फुकटची लाइन दाखवते, प्रतिस्पर्ध्याच्या पटकडे बघत राहा.

कपड्यांचं : बाह्या नको. अंगाला चिकटणारा पातळ थर, त्यावर दुसरा पातळ थर, त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. खांदे मोकळे राहिले पाहिजेत. शॉट झाला की दोन्ही हात मोठ्या हातमोज्यांत, पुढच्या शॉटपर्यंत बाहेर नाहीत. कोर्सवरच्या गाडीत बसू नका, चाला. बसलात की तापवलेली पाठ दोन मिनिटांत परत आखडते. आणि टीवर जाण्याआधी दहा मिनिटं नुसतं अंग हलवा, चेंडू मारले नाहीत तरी चालेल. थंडीत क्लबच्या खालच्या कडेला लागलेला पहिला शॉट हाताला असा झिणझिणतो, की पुढची तीन होलं आपण त्या झिणझिणीला भिऊन खेळतो. कुठल्याही हवेच्या घनतेपेक्षा ही भीती महाग पडते.

रफमुक्काम :

सगळ्यांचे आभार. बंकरबहाद्दर, तुमचेही!

आज सरावाच्या मैदानावर जाऊन आले. पारा ८. जाड जाकीट काढून बिनबाह्यांचं घातलं, चेंडू घरातून नेले, आधी अंग हलवून घेतलं. सात नंबर १०८ पर्यंत पोचला. पुन्हा जाकीट चढवून मारले तर १०३. म्हणजे घनतावादींची वाटणी माझ्या बाबतीत तरी जवळपास जुळते. जे यार्ड मी हवेच्या नावाने शोधत होते त्यातले निम्मे जाकिटाच्या खिशात होते.

तिसरीला बाद होण्याचं सांगितलं. ती म्हणाली, मग तू मला आधी का नाही सांगितलंस, मी किती दिवस बुडवतेय. पुढे बोलणं झालं नाही.

आता उन्हाचंही कुणी सांगा ना. पाय दुखत नाहीत, धाप लागत नाही, तरी शेवटच्या चार होलांवर मी कुणी दुसरीच बाई असते.

दुपारची_टी :

हा माझा विषय. थंडीवाल्यांचं सगळं वाचलं, आणि मला वाटतं त्यांचं दुखणं बरं. थंडी तुमचं अंतर खाते. ते दिसतं, मोजता येतं, आज तुम्ही मोजून आलातही. ऊन खातं ते निर्णय, आणि ज्याचे निर्णय बिघडतात त्यालाच ते कळत नाही, कारण कळायचं यंत्रही तेच.

तुमचं शेवटचं उन्हाळी कार्ड काढून बघा. मी पैजेवर सांगतो, पंधरा ते अठरामध्ये क्लब वाईट लागल्याने गेलेले स्ट्रोक कमी सापडतील. झाडांमधून फट शोधलेली असेल. लेअप करायच्या (धोक्याच्या अलीकडे चेंडू टाकायच्या) जागी तीन नंबर वूड, म्हणजे लांब मारायचा क्लब काढलेला असेल. तीन फुटांचा पट लाइन न बघता ढकललेला असेल, का तर सावलीत जायची घाई. हा स्टॅमिना नव्हे. नवऱ्याला सांगा, पाय ठीक आहेत, पाणी कमी पडतंय.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९६४ चं यूएस ओपन, काँग्रेशनल क्लबवर. तेव्हा शेवटच्या दिवशी ३६ होलं खेळायची पद्धत होती. पारा १०० फॅरनहाइटच्या आसपास, आणि दमट. केन व्हेंटुरीने सकाळच्या फेरीत पहिल्या नऊ होलांत ३० मारले. तीस! आणि त्याच फेरीत सतराव्या आणि अठराव्याला छोटे पट सोडले. क्लब फिरवायची ताकद होती, हाताखालचा छोटा पट मात्र जाईना. मधल्या वेळेत डॉक्टरांनी त्याला पुढे खेळू नको असं बजावलं. तो खेळला, डॉक्टर दुपारभर सोबत चालले, आणि त्याने ७० मारून स्पर्धा जिंकलीही. पुढच्या वर्षापासून यूएस ओपन चार दिवसांत विभागलं गेलं. तो जिंकला म्हणून ही शौर्यकथा सांगतात. माझ्या मते ती नशिबाची कथा आहे, कुणी कित्ता गिरवू नये.

मी काय करतो ते सांगतो. तहान लागायची वाट बघत नाही, पाणी आदल्या संध्याकाळपासून सुरू. कोर्सवर प्रत्येक टीवर थोडं, घाम जास्त जात असेल तर त्यात क्षार. ओला टॉवेल मानेवर, कोरडा टॉवेल ग्रिपसाठी, दोघांची अदलाबदल नको. ग्लोव्ह तीन, आलटून पालटून, काढलेला बॅगेला बाहेर अडकवायचा म्हणजे वाळतो. सनस्क्रीन हाताच्या पंजाला लागू न देणं हे एक वेगळंच कसब आहे, मला अजून नीट जमलेलं नाही. छत्री पावसापेक्षा उन्हात जास्त वापरतो, लोक हसतात, हसू देत.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट : शेवटच्या सहा होलांचे निर्णय मी पहिल्या टीवर, डोकं शाबूत असताना, कार्डाच्या मागे लिहून ठेवतो. ‘१६ : टीवरून पाच नंबर, दुसरा लेअप, पिनकडे (भोकातल्या झेंड्याकडे) बघू नकोस.’ दुपारी मला नेहमी वाटतं की सकाळचा मी भित्रा होता. तरी त्याचंच ऐकतो.

उन्हात अंतर मिळतं त्याचंही भान ठेवा. टणक फेअरवेवर ड्राइव्ह पळतो, आयर्न ग्रीनवर पडून थांबत नाही. पिन मागे असेल तर मी एक क्लब कमी घेतो आणि पुढच्या कडेवर टाकतो. आणि हो, क्लब बंद गाडीत तापत ठेवू नका. क्लबहेड शाफ्टला ज्या इपॉक्सीने चिकटवलेलं असतं ती जास्त उष्णतेत सैल पडू शकते.

एक गोष्ट मात्र खेळाची नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, तर तिथेच थांबायचं, सावलीत जायचं, होल सोडून द्यायचं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर त्याला पाणी देऊन ‘बरं वाटेल’ म्हणत बसू नका. लगेच अंग थंड करायला घ्या आणि डॉक्टरी मदत बोलवा. वर्षभर गारव्यात खेळून अचानक कडक उन्हात उतरणाऱ्यांनी तर पहिला आठवडा-दोन आठवडे नऊच होलं खेळावीत, शरीराला सरावायला तेवढा वेळ लागतोच.

घनतावादी :

दुपारची_टी यांच्याशी सहमत, फक्त ‘एक क्लब कमी’ हे सरसकट करू नका. कोवळ्या सकाळी सुरू करून दुपारी संपवत असाल तर त्याच फेरीत तुमचे दोन वेगळे तक्ते असतात.

ऊबदारहात :

थंडीचं दुखणं बरं म्हणणाऱ्यांनी एकदा बधिर बोटांनी चार फुटांचा उताराचा पट मारून दाखवावा. बाकी लेख आवडला.

रफमुक्काम :

कार्ड काढून बघितलं. पैज जिंकलात. सोळाव्यावर झाडांतली फट, सतराव्यावर तीन नंबर वूड. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला आहे.

चौथ्या होलला पाच नंबर हायब्रिड, बिनबाह्यांचं जाकीट, सावकाश स्विंग, ठरलं. एकच शंका उरली. गवतावर दहिवर गोठलं तर आमची सुरुवात पुढे ढकलतात. तसं होऊन चौथ्याला पोचेपर्यंत ऊन वर आलं तर?

घनतावादी :

दहिवर असेल तर ढकलणारच. गोठलेल्या गवतावर पाय पडला की पेशी फुटतात आणि पावलांचे तपकिरी ठसे राहतात. २०२३ मध्ये ओक हिलला पीजीए चॅम्पियनशिपची पहिली फेरीसुद्धा मे महिन्यात याच कारणाने जवळपास दोन तास उशिरा सुरू झाली होती.

क्लबचं म्हणाल तर थर्मामीटर न्या, नियमात बसतं. पारा १५ च्या वर गेला, जाकीट उतरलं आणि वारा समोरून नसेल तर सहा नंबर. यातलं एक जरी नसेल तर हायब्रिडच.

बंकरबहाद्दर :

म्हणजे एक क्लब जास्त. पाण्यावर दोन.